न फुटलेल्या हंड्या

धाकट्या बहिणीच्या लग्नाला मी आमच्या देवासमधल्याच एका दुकानातून बिछायत आणि दिव्यांच्या काचेच्या हंड्या भाड्याने आणल्या. विसार द्यायला रोकड नव्हती, म्हणून बायकोच्या पाटल्या तारण ठेवल्या. लग्न नीट पार पडलं. सामान परत नेलं तेव्हा दुकानाच्या हमालाने एकेक हंडी उचलून पाहिली आणि म्हणाला, "सब साबूत है, भिया."

भाडं घेऊन पाटल्या सोडवायला गेलो, तर हिशेबात फुटलेल्या हंड्यांची किंमत चढवलेली, वर दानधर्माच्या नावाने धर्मादा पट्टी.

"अहो, हंड्या तर तुमच्याच माणसाने पाहून घेतल्या."

"बाद में टूटी निकलीं, साब," शेठ शांतपणे म्हणाला. हमाल तिथेच सतरंज्या गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही.

मी थोरल्या पातीच्या कचेरीत कारकून. लोकांच्या फिर्यादी लिहून घेणं हे माझं रोजचं काम. मला वाटलं, आपलं काम चुटकीसरशी होईल. आमचे शिरस्तेदार म्हणाले, "दुकान रस्त्यापलीकडे ना? ती धाकटी पाती, धाकट्या महाराजांचं राज्य. आपलं समन्स तिथे चालत नाही." गाव एक, राज्यं दोन.

पलीकडच्या वकिलाने सगळं ऐकून घेतलं. "दावा लागेल. मुद्रांक आधी भरा. साक्षीदार कोण?"

"तो हमाल."

"शेठच्या विरुद्ध बोलेल?"

मला सतरंज्या गुंडाळणाऱ्या हमालाची खाली घातलेली मान आठवली.

"आणि निकाल लागेपर्यंत पाटल्या शेठकडेच राहतील."

"इथल्या दरबारात अर्ज केला तर?"

"तुम्ही त्या दरबारचे नोकर. तुमच्या साहेबांची परवानगी आणा."

साहेबांनी हात जोडले. "हंड्यांपायी दोन दरबारांत पत्रव्यवहार? नको रे बाबा."

त्यातच धारहून बायकोच्या माहेरचं बोलावणं आलं, भाच्याची मुंज होती. ती एवढंच म्हणाली, "अहो, मोकळे हात पाहिले तर आई विचारील."

उसने पैसे काढून मी शेठचा सगळा हिशेब चुकता केला. त्याने माझ्याकडून 'राजीखुशीने दिले' असं लिहूनही घेतलं. कोपऱ्यावर हमालाने मला गाठलं. "भिया, मेरे भी बच्चे हैं."

घरी पाटल्या हातात घालताना बायकोने विचारलं, "मिटलं ना सगळं?"

"मिटलं," मी म्हणालो, आणि धारला न्यायचं सामान बांधायला बसलो.