मुशी बघायला गेलेली बाई

भाताची झोडणी उरकली आणि मी घरात सांगून टाकलं : मालवणला जाणार, पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरणार आणि मुशी बघणार. आमचे मालक कोळवणच्या घराच्या ओट्यावर चहा पीत होते.

"मुशी व्हय? पौडच्या बाजारात वाळलेली मिळती की. त्यापायी दर्यात कशाला मरायचं?"

"ती मेलेली असती. मला जित्ती बघायचीय."

"ह्या वयात? लोकं काय म्हनतील?"

"म्हनूद्या. मी जाणार."

हा नाद लावला आमच्या नांदे गावातल्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या नागपूरकडच्या मुलीने. ती हिंजवडीत नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की स्कुबा. तिने मोबाइलवर बांबू शार्क दाखवला. मुशीचीच जात, हातभर लांब, तपकिरी, दिवसभर खडकाखाली पडून राहणारी. कुणाला खात नाही, म्हणून कुणी विचारत नाही. मला ती तिथेच आवडली. लहानपणी विहिरीत माझी उडी पोरांच्या आधी पडायची. मग मोठी झाले आणि विहीर बंद झाली. त्याचा राग मला अजून आहे, आणि तो गिळायचा माझा विचार नाही.

पुण्यात पोहण्याच्या तलावात टाकी बांधून पाण्याखाली उतरायला रीतसर शिकले, डॉक्टरांनी तपासून होकार दिला, आणि त्या मुलीबरोबर मालवण गाठलं.

पहिल्याच दिवशी तळाशी एका खडकाच्या कपारीखाली शेपूट दिसलं. आमच्याकडे पावसाळ्यात बांधाच्या बिळात कोपरापर्यंत हात घालून खेकडे काढतात. हात आधी जातो, विचार मागून येतो. माझाही गेला. छिन्नीने नुकत्याच टोचलेल्या वाटणाच्या पाट्यासारखं खरखरीत अंग बोटांखालून सरकलं आणि मुशी गढूळ पाण्यात पसार झाली. तिचं तोंडसुद्धा मी पाहिलं नव्हतं. आम्हाला खाली नेणाऱ्या प्रशिक्षकाने माझं मनगट धरलं आणि सावकाश वर आणलं.

"काकी, हात कित्याक घातलात? थंय विषारी मासोय बसता," तो होडीत म्हणाला. "उद्या तुमी होडयेतच बसा."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण होडीत बसायला मी एवढ्या लांब आले नव्हते.

"चुकलं माझं. हात पुन्हा जायचा न्हाई. पण उद्या मी उतरणार. तुमी न्हाई नेलं तर दुसरं कुणी नेईल."

"काकू, जाऊ द्या ना," मुलगी हळूच म्हणाली.

"तू गप."

प्रशिक्षकाने माझ्याकडे निरखून पाहिलं. म्हणाला, हात काखेत ठेवायचे, कपारीकडे एक बोट जरी गेलं तरी सरळ वर. मी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी त्याच खडकाखाली ती पडली होती. मी हात काखेत घट्ट दाबून वाळूवर गुडघे टेकले. नाकाशी दोन छोट्या मिशा, बारीक डोळे, कल्ल्यांच्या चिरा उघडत होत्या, मिटत होत्या. आजवर मासा पाहिला तो साफ करायला, तुकडे करायला, सगळ्यांना वाढून उरला तर खायला. हिचं कालवण व्हायचं नव्हतं. हिला कुणाच्या ताटात पडायचं नव्हतं. मी नुसती बघत होते, आणि नळी दातांत धरून मला रडू येत होतं. बघायला मिळावं एवढंच मागितलं होतं मी, आणि त्यासाठी किती जणांशी भांडावं लागलं!

थोड्या वेळाने प्रशिक्षकाने अंगठा वर केला. म्हणजे चला वर.

मी एक हात काखेतून काढला आणि हवेचा काटा त्याच्या डोळ्यांसमोर धरला. टाकीत हवा बरीच शिल्लक होती. मी मान हलवली : नाही.

त्याने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि माझ्या शेजारी वाळूवर गुडघे टेकून तोही बघत बसला.