आपट्याच्या पानांवर फुंकर

दसऱ्याआधीचा रविवार. हजर : मी, सुलभाताई आणि जे. पी. नगरातल्या अक्का, ज्यांच्या घरी आम्ही दरवर्षी दसऱ्याची शुभेच्छापत्रं करतो. पानं कापायचं यंत्र त्यांचंच.

अक्का यंत्रात सोनेरी कागद घालून हँडल फिरवतात, बाहेर पडलेल्या आपट्याच्या पानावर फुंकर मारतात आणि स्वतःशीच कानडीत "सरी", म्हणजे ठीक, म्हणतात. कुणी पान वाकडं चिकटवलं तर कार्ड हातातून काढून घेतात, पण आवाज कधी चढवत नाहीत. यंदाही चढवला नाही. सुलभाताईंनी डिंक उचलला, तेव्हा गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही नको हो. यजमान जाऊन वर्ष नाही झालं. तुम्ही स्वल्प पानं कापून द्या, चिकटवायचं आम्ही बघतो."

मी खाली मान घालून कार्डं पाठवायची यादी तपासत राहिले. सुलभाताईंनी साठ पानं कापली, कपटे गोळा केले आणि चहा न घेता गेल्या.

"समजूतदार आहे हो," म्हणत अक्कांनी पुढच्या पानावर फुंकर मारली.

यादीतली सगळी कार्डं पोस्टात पडली. सुलभाताईंचं पाकीट पत्ता लिहून माझ्या टेबलावर आहे. आत घालायचं कार्ड अजून करायचं राहिलंय.