पिवळ्या किनारीचं झाड

जळगावला आम्ही भाड्याने राहत होतो, तेव्हा घरमालकीणबाई सुनेच्या बाळंतपणासाठी जोधपूरला निघाल्या. दिवाळीपर्यंत परतणार नव्हत्या. जाताना आमच्या बैठकीच्या कोपऱ्यात एक कुंडी ठेवून गेल्या. तलवारीसारखी उभी, पट्टेदार पानं, प्रत्येकाला पिवळी किनार. सापाचं झाड म्हणायचे त्याला.

"पंधरा दिवसांनी थोडंसं पाणी. बस," त्या म्हणाल्या. "आल्यावर आधी झाड बघू, मग करार बघू."

अकरा महिन्यांचा करार दिवाळीलाच संपत होता. त्या हसत होत्या, मी नाही. दारात नळ, मुलांची शाळा पायी दहा मिनिटांवर. असं घर पुन्हा मिळणं कठीण होतं.

मी तेव्हाही सगळं लिहून ठेवायची. कॅलेंडरवर दर महिन्याच्या एक आणि सोळा तारखेला गोल केला: एक पेला, सकाळी. माझ्या यादीतलं हे सर्वांत सोपं काम.

सासूबाईंना मात्र ते पटेना. त्या धुळ्याकडच्या खेड्यातल्या. मे महिन्यात दाराची कडीसुद्धा चटका देते, अशा दिवसांत कुणाला तहानलेलं ठेवायचं म्हणजे काय?

"माय वं, झाड शे ते, कपाट नही! पानी दे त्याले."

"नको आई, त्याला असंच आवडतं."

"त्यानी सांगं का तुले?"

नळ दोन दिवसांआड यायचा. तो आला की हंड्यातलं शिळं पाणी काढून हंडे घासायचे, हे घरोघरी ठरलेलं. शिळं झालं तरी पाणी ते पाणीच, मोरीत कोण ओतणार? मी ऑफिसला गेले की सासूबाई अर्धी कळशी कुंडीत रिकामी करायच्या. वर माझ्या तारखा चालू होत्याच.

आषाढात एक पान आडवं झालं. बुडाशी मऊ, वास सडक्या बटाट्याचा. आठवड्याभरात सगळीच गेली. शेंडे तेवढे टणक होते. ऑफिसच्या माळीबुवांना विचारलं. "शेंड्यांचे तुकडे करून वाळूत खोचा. उलटे खोचाल तर मुळं फुटणार नाहीत," ते म्हणाले. मी प्रत्येक तुकड्यावर बॉलपेनने वरच्या दिशेचा बाण काढला.

सासूबाई बघत होत्या. "यास्ले रस्ता दखाडी ऱ्हायनी का?"

दसऱ्याला कोंब आले. मी पट्टीने उंची मोजून तारखेसकट वहीत लिहिली. पण नवी पानं हिरवीच, पिवळ्या किनारीचा पत्ता नाही. माळीबुवा म्हणाले, "पानापासून केलं की किनार येत नाही." हे त्यांनी आधी सांगितलं नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर घरमालकीणबाई पेढे घेऊन आल्या आणि थेट कोपऱ्याकडे वळल्या.

"किनार कुठे गेली?"

काय सांगायचं, कोणत्या क्रमाने, मी लिहून तयार होते. पहिला मुद्दा तोंडातून निघायच्या आत सासूबाई उठल्या. "मीच पानी दिधं. भलतं दिधं. सूनना काही दोस नही."

घरमालकीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, कुंडीकडे बघितलं, मग माझ्याकडे हात पुढे केला. "पेन द्या."

नव्या करारात शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने एक अट वाढवली: भाडेकरू मालकिणीचं कोणतंही झाड सांभाळणार नाहीत. सासूबाईंनी ती मला मोठ्याने वाचायला लावली, "हाई बराबर शे," म्हणाल्या आणि पेढा तोंडात टाकला. मग मी सही केली.