मोबाईल मागं नेऊन मिळेल

मोबाईलच्या दुकानात स्क्रू हरवतात, पन किस्से हरवत नाहीत. ते साचतच जातात! मानोऱ्यात रफीकभाईच्या दुकानात मी कव्हर अन् काच लावतो, रफीकभाई फोनच्या पोटात हात घालतात. अपडेट करून बिघडलेला जुना फोन परत आधीच्या व्हर्जनवर नेणं, ही त्यांची खासियत. असा कारागीर अख्ख्या तालुक्यात नाही, हे मी छाती ठोकून सांगतो.

अन् रफीकभाई काही लाजाळू नाहीत. गिऱ्हाईक टेकायच्या आत सुरू, "आजवर माझ्या हातून एकबी फोन मेला नाही!" कोनी विचारलेलं नसते.

*

पहिला बोर्ड त्यांनीच रंगवला, 'इथे मोबाईल जुना करून मिळेल.' एक आजोबा तो वाचत बराच वेळ उभे राह्यले. मग आत आले.

"जुना तं माह्या घरी आपोआपच होऊन राह्यला. त्याच्यासाठी दुकान कायले लागते?"

दुसऱ्या दिवशी बोर्ड बदलला, 'मोबाईल मागं नेऊन मिळेल.'

*

व्हर्जन मागं नेताना फोनमधलं सगळं पुसलं जाते. म्हणून दुकानाचा कायदा असा, की गिऱ्हाइकानं चार लोकांत मोठ्यानं म्हणायचं, "सगळं पुसलं जाईन, मले मंजूर आहे." नंतर भांडण नको.

एका रिटायर मास्तरांनी उभं राहून, घसा साफ करून, शपथ घेतल्यासारखं म्हटलं. आमी टाळ्या वाजवल्या. मास्तर खाली बसले अन् हळूच म्हणाले, "पन लेकीच्या लग्नाचे फोटो तं राह्यतीन न?"

रफीकभाईनं कपाळावर हात मारला अन् आधी फोटो काढून दिले.

*

काम चालू असताना फोन वायरनं लॅपटॉपले जोडलेला, पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरते. मधात वायर हलली की खेळ खलास! फोनले हात लावता येत नाही, म्हणून रफीकभाईची बोटं काउंटरवर ताल धरतात. त्यांचे अब्बा कव्वालीच्या पार्टीत ढोलक वाजवत, तो हात यांच्यात उतरला. एक बाई वैतागल्या, "भाऊ, थांबवा न! फोन घाबरून राह्यला."

"फोन नाही बाई, मी घाबरून राह्यलो. पन कोनाले सांगू नका!"

*

एकदा पट्टी अर्ध्यावर अन् लाईट गेली. लॅपटॉप शेवटच्या दमावर. तेवढ्यात रस्त्यावरून वरात आली. रफीकभाईनं सरळ डीजेच्या गाडीतून वायर ओढली, वरात थांबवली! घोड्यावरून नवरदेव ओरडला, "कोनाचा फोन आहे एवढा?"

"तुमच्या सासऱ्याचा!"

नवरदेव घोड्यावरून उतरला अन् वायर धरून उभा राह्यला.

*

शोभाताई शेजारच्या गावच्या. दर भीमजयंतीले बायांची गाण्याची पार्टी घेऊन उभ्या राहतात. त्यांचा ढोलकी वाजवणारा पुतण्या पुण्याले नोकरीवर गेला, तेव्हापासून ताल एका जुन्या फोनमधल्या ॲपवर. तो फोन खास तालासाठीच ठेवलेला. घरात कोनीतरी अपडेट केला अन् ॲप उघडेनाच. जयंतीच्या दिवशी सकाळीच ताई दुकानात.

"जय भीम भाऊ. सांजच्याले पुरं गाव ऐकाले बसते. तालाबिगर माह्या बायाईचं तोंड उघडत नाही." मोठ्यानं 'मंजूर आहे' म्हटलं अन् बसल्या.

पट्टी निम्म्यावर आली अन् फोनचा पडदा काळा! रफीकभाईनं वायर बदलली, लॅपटॉप बदलला, सगळं करून पाह्यलं. दुपार टळली. काउंटरवरचा ताल बी बंद पडला.

"राहू द्या भाऊ," ताई उठल्या. "यंदा नाही गात आमी."

रफीकभाईनं शटर खाली ओढलं. "ताई, घरी ढोलकी आहे न? मंग चला!"

त्या सांजी बाया पहिल्या गाण्याले बिचकल्या. दुसऱ्या गाण्याले पुरं गाव टाळ्या देत होतं, अन् रफीकभाई मान हलवत वाजवत होते. माह्या डोळ्यात पानी आलं, कायले लपवू? आमचा माणूस आहे तो!

दुसऱ्या दिवशी फोन उठला, जुन्या व्हर्जनसगट. रफीकभाईची छाती परत बाहेर. "पाह्य! एकबी मेला नाही!"

फोन द्यायले मी गेलो. ताईनं ॲप उघडलं, ताल चोख वाजला. बाया एकमेकींकडे पाहून राह्यल्या. ताईनं फोन बंद करून परत माह्या हातात दिला.

"हा दुसऱ्या कोन्या पार्टीले द्या. आमच्या ढोलकीवाल्याचं मानोऱ्यात दुकान आहे."