सहदेव पिलू पाहायला जातो

सहदेवला एखादी गोष्ट चटकन ठरवून टाकणं जन्मात जमलं नाही. धाडच्या बाजारात चपला घ्यायला गेला तर सगळी दुकानं पालथी घालून जुन्याच चपला फरफटत परत यायचा. त्याची आई सत्यभामाबाई म्हणायची, "पुढल्या बाजाराले पाह्य आता. तोवर पाय काही झिजत नाहीत." हे ती हसून म्हणे. पण लग्नाचा विषय निघाला की तिचं हसू जाई.

ऐन उमेदीत त्याला दोन स्थळं एकाच वेळी सांगून आली होती. एक देऊळगाव राजाकडचं, एक जवळचंच. दोन्ही पोरी चांगल्या. सहदेव "पाहू, सांगतो" म्हणत राहिला आणि दोन्ही पोरींची लग्नं दुसरीकडे होऊन गेली. त्यानंतर दिवस फिरले. पाहुणे यायचे, पाणी प्यायचे आणि विचारायचे, "पोरगा काय करते?" शेती म्हटलं की पोह्यांची बशी अर्धी ठेवून उठायचे. शेत बरं होतं, विहिरीला पाणी होतं, माणसाला सुपारीचंसुद्धा व्यसन नव्हतं. पण चाळिशी उलटली तरी सहदेव तसाच राहिला.

मायलेक गावात नाही, शेतातच राहत. काळ्या नावाचं कुत्रं होतं, ते त्या हिवाळ्यात बिबट्यानं खळ्यातून उचललं. तेव्हापासून सत्यभामाबाईचा जीव धास्तावला. "तू पाणी द्याले गेला का मी एकटीच," ती म्हणाली. "भुकणारं कोणीतरी पाह्यजे घरी. भगवानरावाची कुत्री व्याली म्हणते. जाऊन पिलू पाहून ये."

सहदेव गेला. भगवानरावांचं घर गावाच्या टोकाला, नाल्याकाठी होतं. पाचातली तीन पिलं लोकांनी बोलून ठेवली होती. उरलेली दोन अंगणातल्या पोत्यावर लोळत होती. एक नर, तांबडा, अंगानं भरलेला. एक मादी, काळी, कानाजवळ पांढरा ठिपका असलेली.

"नर ने," भगवानराव म्हणाले. "मादी म्हंजे कटकट. वर्षातून दोनदा पिलं. कोणाकोणाच्या दारी वाटत फिरशीन?"

चुलीपुढून आवाज आला, "आपल्या मादीनं आजवर दार सोडलं नाही, बाबा. नर भादव्यात गावभर हिंडते, मंग बसा हाका मारत."

ती वंदना, भगवानरावांची लेक. नवरा ट्रॅक्टर उलटून गेला. पदरी लेकरू नव्हतं. वर्षश्राद्ध होईस्तोवर सासरच्यांनी कसंबसं ठेवलं आणि मग "बापाच्या घरी बरं वाटीन तुले" म्हणून आणून सोडलं. सकाळी ती शेजारच्या शेडनेटमध्ये मिरचीच्या बियाण्याच्या कामाला जाई, दुपारनंतर घरचं पाही. सहदेव तिला लहानपणापासून ओळखत होता. म्हणजे गावात सगळे सगळ्यांना ओळखतात तेवढंच.

ती बाहेर आली. "सहदेवभाऊ, नुसतं पाहू नका. मांडीवर घ्या. हाताले समजते."

त्यानं दोन्ही घेतली. नरानं त्याच्या शर्टाचं बटण चावायला सुरुवात केली. मादीनं त्याच्या काखेत तोंड खुपसलं ते काढलंच नाही. वंदना हसली. तिला हसताना सहदेवनं फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

"कोणतं?" तिनं विचारलं.

"पाहतो. अजून लहान हायत. पुन्हा येतो," तो म्हणाला.

तो पुन्हा आला. मग आणखी आला. एकदा म्हणाला, नर बरा वाटतो, पण आईला विचारतो. एकदा म्हणाला, आई मादी म्हणते, पण मी विचार करतो. पिलं अंगणभर पळू लागली, दूध सोडून भाकरीचा चुरा खाऊ लागली, बोललेली तिन्ही पिलं आपापल्या घरी गेली, आणि सहदेवचं काही ठरेना. गावाला तो नेहमीचाच सहदेव वाटला. त्यालाही आधी तसंच वाटलं. मग एका दुपारी भगवानरावांच्या घराला कुलूप दिसलं आणि आपल्या छातीत काहीतरी खचकन बसलं, हे त्याच्या ध्यानात आलं. पिलं तर अंगणातच होती. ती पाहून तो परत फिरू शकला असता. पण तो कुंपणाशी उभा राहिला, वंदना कामावरून येईपर्यंत.

"केव्हाचे उभे हाय?" ती म्हणाली. "बसायचं ना ओट्यावर."

त्या दिवशी ती त्याला 'भाऊ' म्हणाली नाही. पुढेही म्हणाली नाही. 'ऐका ना', 'हे पाहा' एवढंच. अख्खं गाव तिला वंदनाताई म्हणे. सहदेवनं तिला कुठल्याच नावानं हाक मारली नाही. न हाक मारताच तो तिच्याशी बोलत असे.

बोलणं कुत्र्यांचंच असे. पण एकदा ती पिलांपुढे ताटली सरकवत म्हणाली, "कोणतंही न्या, पण नेल्यावर वापस आणू नका. घरातून वापस आलेल्या जिवाले कुठंच आपलं वाटत नाही. आईजवळ बी नाही."

सहदेवला त्यावर काहीतरी म्हणायचं होतं. तो पिलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "नाही आणणार." ती त्याच्याकडे पाहत होती. जरा थांबली आणि आत गेली.

मग चहाच्या हॉटेलात गावातल्याच दीपकनं त्याला चारचौघांत धरलं. दीपक तसा वाईट नाही, फक्त तोंडाचा फाटका. "काय बे सहदेव, पिलूच पाहून राह्यला का अजून काही?" सगळे हसले. सहदेवच्या कानाच्या पाळ्या तापल्या. विधवा बाई, बापाच्या घरी राहणारी. आपल्या पायी तिच्या नावाला डाग लागायचा, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं जाणं बंद केलं. हरभरा सोंगायला आला होता, निमित्त आयतंच होतं. तो राबत राहिला आणि संध्याकाळी आईशी एक शब्द न बोलता जेवत राहिला.

सत्यभामाबाई धाडच्या बाजारातून आली ती निरोप घेऊनच. "भगवानरावाची वंदना भेटली व्हती. म्हणे, मावशी, बाबा एक पिलू कोणाले तरी देऊन राह्यले. त्यायले म्हणा, कोणतं ठेवू ते येऊन सांगा. लवकर या म्हणा."

"लवकर म्हणाली?"

"दोनदा म्हणाली."

सहदेवनं हातातला विळा खाली ठेवला. काय म्हणायचं ते त्यानं विहिरीवर अंघोळ करताना ठरवलं, शर्ट घालताना ठरवलं, वाटेनं चालताना ठरवलं. पिलाचं नाव काढायचंच नाही. सरळ भगवानरावांना म्हणायचं, मी वंदनासाठी आलो. इतकं पक्कं त्यानं आयुष्यात काही ठरवलं नव्हतं.

भगवानरावांच्या दारात जीप उभी होती. ओसरीवर सतरंजी अंथरलेली, पाहुणे बसलेले. "ये ये सहदेव!" भगवानराव आनंदानं उठले. "वडनेर भोलजीहून आले पाहुणे. आपल्या वंदनासाठी. बस, चहा घे."

सहदेव बसला. समोर नवरदेव होता, त्याच्याच वयाचा, बायको वारलेली, किराणा दुकान, एक लहान मुलगी. माणूस सरळ दिसत होता. नुसता नालायक दिसता तरी सहदेवला बरं वाटलं असतं. नवरदेवाच्या काकांनी सहदेवकडे वळून विचारलं, "तुम्ही गावातलेच ना? मंग तुम्हीच सांगा. घरचे चांगलंच सांगतात. पोरगी कशी हाय?"

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. दाराच्या चौकटीत वंदना चहाचा ट्रे घेऊन उभी होती. डोक्यावर पदर, नजर खाली. पण ती पुढे येत नव्हती. थांबली होती.

सहदेवनं तोंड उघडलं. वाटभर घोकलेलं वाक्य होतं, तेवढं म्हणायचं होतं. पण त्याच्या कानावर त्याचाच आवाज आला, "लई चांगली हाय. अशी शोधून सापडायची नाही तुमाले."

"झालं तर मग!" काका म्हणाले आणि भगवानरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. वंदना पुढे आली, एकेकाला कप दिला.

पाहुणे मळा पाहायला निघाले तसा तोही उठला. ती पिलं घेऊन अंगणात आली.

"कोणतं नेता?"

"ठरलं का?" सहदेवनं विचारलं.

"बाबांचं ठरलं."

"अन् तुमचं?"

"मले कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली. "आज बी नाही, अन् याच्याआधी बी कोणी नाही."

एवढं उघड बोलणं झाल्यावर तरी एखादा माणूस बोलला असता. मळ्याकडून पाहुण्यांचं हसणं ऐकू येत होतं. भगवानरावांचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता. लेक आल्यापासून तो माणूस असा मोकळा बोललाच नव्हता. सहदेव म्हणाला, "पोरगी लहान हाय म्हणे त्यायची."

"तिसरीत हाय."

"मंग चांगलं हाय. लेकराले आई भेटन."

वंदनानं त्याच्याकडे नीट पाहिलं, जसं काही शेवटचं पाहून घ्यावं तसं. मग वाकली, काळी मादी उचलली आणि त्याच्या हातात दिली. "हे घ्या, सहदेवभाऊ."

ते पिलूही सहदेवनं निवडलं नाही.

घरी आल्यावर त्यानं पिलू खाटेखाली सोडलं आणि आईला जीपचं, पाहुण्यांचं, सगळं सांगितलं. आपण काय साक्ष दिली तेही सांगितलं. सत्यभामाबाई तूर पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"तुह्या मनात व्हतं का रे?"

तो वाकून खाटेखालच्या पिलाकडे पाहू लागला.

"मले काऊन नाही सांगितलं? मी गेली असती मागाले. सकाळी सांगतास तर सकाळी गेली असती."

"विधवा हाय ते, आई. मले वाटलं, तू..."

"तुले वाटलं! विचारलं व्हतं का मले? मी काय म्हणाली असती, ते मलेच ठाऊक नाही अन् तुले ठाऊक!" तिचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. तिनं पदर तोंडाला लावला. "अरे, बाजारात तिनं माह्या हातातली थैली घेतली व्हती. स्टँडपर्यंत आली माह्यासंगं. पिलाच्या निरोपाले कोणी एवढं चालते का? अन् मले मेलीले समजलं नाही."

त्या दिवशी तूर तशीच अंगणात राहिली.

लग्न देवळात साधेपणानं झालं. सहदेवनं पाण्याचे जार वाहिले, पंगतीत वरण वाढलं. जीप निघताना बाया रडल्या, भगवानराव रडले. घाटाखाली लेक दिली म्हणजे काही परदेशी दिली नव्हे, असं जो तो त्यांना समजावत होता. सहदेव मांडवाचे दोर सोडत होता. गाठी घट्ट बसल्या होत्या, बराच वेळ लागला.

मादी मोठी झाली. राखणीला चोख निघाली. मक्यात डुकरांना पाय ठेवू देत नसे. सत्यभामाबाई तिला आपल्या ताटातली भाकरी घाली. मध्यंतरी चिखलीकडच्या एका मध्यस्थानं स्थळ सुचवलं, तेव्हा तिनं लेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सहदेव म्हणाला, "नको आता," आणि हे मात्र त्यानं एका दमात सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात नांदुऱ्याला मामाच्या घरी तेरवी होती. तिथून मलकापूरच्या जीपनं परत येताना वडनेरला गाडी थांबली आणि सहदेव काही न ठरवता खाली उतरला. ऊन रणरणत होतं. समोरून गावात जाणारा रस्ता होता. किराणा दुकान कुठलं, हे कुणीही सांगितलं असतं. काडीपेटी मागायची, एवढंच. ती गल्ल्यावर असेल किंवा नसेल. ती पोरगी तिच्या मांडीशी बसून अभ्यास करत असेल. आपण उभे राहिलो तर ती काय म्हणेल? "कसं काय येणं केलं?" म्हणेल. पाणी देईल. मग?

तो लिंबाच्या सावलीत उभा राहिला. गावातून बाया येत होत्या, जात होत्या. लांबून प्रत्येक चाल तिची वाटे, जवळ आली की नसे. दुसरी जीप आली, ड्रायव्हरनं "मलकापूर, मलकापूर" अशी हाळी दिली. सहदेव चढला नाही. तिसरी आली तेव्हा चढला.

घरी पोचेपर्यंत दिवस मावळला होता. सत्यभामाबाई वाटेकडे डोळे लावून बसली होती.

"लई उशीर केला?"

"गाडी नव्हती."

म्हातारीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. नांदुऱ्याहून गाड्यांना तोटा नसतो, हे तिला माहीत होतं. वाटेत कोणतं गाव लागतं, तेही माहीत होतं. ती उठली, तांब्या भरून आणला, आणि त्यानं पाय धुतले तसं ताट वाढायला आत गेली.