वजीर काढणारी बाई

लाँड्रीतल्या ड्रायव्हरांच्या खोलीत ती पहिल्यांदा गेली ती भांडायला. रुग्णालयाच्या चादरींचे गठ्ठे व्हॅनमध्ये चढवायचे सोडून दोघे ड्रायव्हर उलट्या खोक्यावर बुद्धिबळ मांडून बसले होते, आणि इकडे इस्त्रीच्या रोलरपाशी गठ्ठ्यांचा डोंगर झाला होता. चांगलं झाडायच्या तयारीनेच ती आत शिरली. पटाकडे नजर गेली आणि तिच्या तोंडून निघालं, "मी खेळू?"

"वहिनी, ही काय चादरीची घडी आहे?" एक ड्रायव्हर हसला.

"घडीला दोन माणसं लागतात, यालाही दोनच. सरका."

दुसऱ्याच चालीला तिने वजीर बाहेर काढला, मागून उंट आणला आणि चौथ्या चालीला मात. ड्रायव्हर पटाकडे पाहतच राहिला. दुसरा म्हणाला, "ऊठ, तुझं लक्ष नव्हतं," आणि स्वतः बसला. त्याचीही तीच गत झाली. मग ती उठली आणि म्हणाली, "आता गठ्ठे उचला."

ही चाल तिला मामाने शिकवली होती. लहानपणी एका सुट्टीत मामा राहायला आला, मोहरे कसे चालतात ते त्याने सांगितलं, चार चालींची मात दाखवली आणि सुट्टी संपल्यावर निघून गेला. त्या एका शस्त्रावर तिने चुलतभावांना लोळवलं, शेजाऱ्यांना लोळवलं आणि लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात नवऱ्यालाही. नवरा स्वभावाने गरीब. तो अजून सांगतो, "मला वाटलं, आपला संसारही ही चार चालींतच आटपणार!"

लाँड्रीत मात्र गाठ पडली बॉयलरवाल्या काकांशी. काका कमी बोलायचे. ड्रायव्हरांची फजिती ऐकून एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ते समोर येऊन बसले. तिने वजीर काढला. काकांनी शांतपणे घोडा पुढे केला. तिने उंट आणला. काकांनी एक प्यादं एक घर सरकवलं आणि ते थेट वजिरावर आलं. वजीर मागे हटला, तर दुसरा घोडा बाहेर. वजीर बाजूला सरकला, तर पहिला घोडा पटाच्या मध्यावर, पुन्हा वजिरावरच. तिच्या वजिराला पळता भुई थोडी झाली. थोड्या वेळाने पाहते तो काकांचे सगळे मोहरे मैदानात, राजा कोपऱ्यात सुखरूप, आणि तिची अर्धी फौज अजून घरातच. शेवटी वजीर असा कोंडला की एका क्षुल्लक प्याद्याने तो गिळला.

"ताई," काका म्हणाले, "वजीर सगळ्यांत मोलाचा. म्हणून तर लवकर काढू नये. लहानसहान कुणीही त्याच्यावर धावून जातं आणि त्याला हलावंच लागतं. तुम्ही एकटा वजीर हलवत बसता, तेवढ्यात समोरचा फुकटात एकेक मोहरा बाहेर काढतो."

"माझा वजीर, मी बघून घेईन," ती म्हणाली आणि ताडकन उठली.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा वजीर काढला. पुन्हा हरली. ड्रायव्हरही काकांकडून उतारा शिकले आणि तेही तिला हरवू लागले. तिचं नाव पडलं वजीरबाई. ती आत आली की कुणीतरी ओरडायचं, "आला वजीर, घोडे सोडा!" रोलरवरची जोडीदारीण म्हणायची, "अगं, ऐक की काकांचं. तुझं काय जातं?" ओली चादर रोलरमध्ये सरकवत ही म्हणायची, "मोडेन, पण त्या फिदीफिदी हसणाऱ्यांच्या सांगण्यावरून वाकणार नाही."

पण हरणं झोंबत होतं. एका रविवारी तिने नवऱ्याला पटापाशी बसवलं. "आज मी काळे घेते. तू माझ्यासारखा खेळ. वजीर काढ."

नवऱ्याने काढला. तिने काकांसारखा घोडा हलवला, मग प्यादं, मग दुसरा घोडा. तिची प्रत्येक चाल दुहेरी काम करत होती, आणि बिचारा नवरा नुसता जीव वाचवत फिरत होता. तिने डाव पुन्हा मांडला. पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत तिला कळून चुकलं, की काका बरोबर होते. पण राग काकांचा आला नाही, स्वतःचाही नाही. राग आला मामाचा.

पुढच्याच महिन्यात मामा भेटायला आला. चहाचा कप हातात देऊन तिने विचारलं, "मामा, ती चार चालींची मात फसली तर पुढे काय करायचं, हे मला का नाही शिकवलंस?"

मामा हसला. "अगं, तुला कुठे पुढे खेळायचं होतं? दोन दिवसांची गंमत. पोरींना काय, जिंकल्याचा आनंद झाला की पुरे."

"आणि माझ्या दादाला पुढचं सगळं शिकवलंस ते?"

"तो मुलगा. तो स्पर्धांना जायचा."

"म्हणजे मी किती खेळायचं, हे तू ठरवलंस."

नवरा मध्ये पडून म्हणाला, "जाऊ दे ना, जुनी गोष्ट." पण तिने जाऊ दिलं नाही. "जुनी असेल तुम्हा दोघांसाठी. मी रोज हरतेय." मामाचा चहा तसाच निवला.

सोमवारी ती बॉयलरच्या खोलीत गेली. "काका, शिकवा. पण सगळं शिकवा. मध्येच सोडणार असाल तर आत्ताच सांगा." काकांनी पट काढला. ड्रायव्हरांच्या खोलीत मात्र ती महिनोन्‌महिने फिरकली नाही. ते समजले, बाई थकली.

दरवर्षी शेजारच्या बस डेपोशी लाँड्रीचा सामना व्हायचा. त्या वर्षी चौथा खेळाडू आजारी पडला, म्हणून सुपरवायझरने नाइलाजाने तिला घेतलं. सामन्याआधी तो कानाशी येऊन म्हणाला, "समोरचा कंडक्टर नवखा आहे. तो तुमचा वजीर काढा आणि चार चालींत उरका. लोकांनाही मजा येईल."

"नाही काढणार."

"अहो, रोज तर काढत होतात!"

"तेव्हा मला हवा होता म्हणून काढत होते. आता नको आहे. तुमच्या मजेसाठी तर मुळीच नाही."

तिने घोडे काढले, उंट काढले, राजा कोपऱ्यात नेला. वजीर जागचा हलेना. मागे ड्रायव्हर कुजबुजू लागले, सुपरवायझर येरझारा घालू लागला. कंडक्टर नवखा होता, पण चिवट होता. डाव लांबला, बाकीचे तिन्ही पट उठले, लोक जेवायला गेले. शेवटी दोघांकडे राजा आणि दोन-दोन प्यादी उरली, आणि डाव बरोबरीत सुटला. लाँड्री एका गुणाने हरली.

"तुमच्यामुळे!" सुपरवायझर सगळ्यांदेखत गरजला. "पुढच्या वर्षी तुम्ही संघात नाही."

तिने तिथेच मोहरे पुन्हा मांडले आणि खुर्ची पुढे ओढली. "बसा. मला हरवा, मग काढून टाका."

सुपरवायझरने पटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि "व्हॅन खोळंबल्यात" असं पुटपुटत बाहेर पडला. तो तिच्यासमोर आजतागायत बसलेला नाही, आणि तिला संघातून काढण्याची भाषाही पुन्हा त्याच्या तोंडून निघालेली नाही.

त्या दिवशी रिकाम्या खुर्चीवर तो कंडक्टरच पुन्हा येऊन बसला. "मघाचं तुमचं ते प्यादं," तो म्हणाला, "आधी ढकललं असतंत तर मी मेलोच होतो."

"कुठलं? दाखवा," ती म्हणाली, आणि दोघांनी डाव पहिल्यापासून मांडला.