अमरगोळला सापडलेला वरवंटा

परवा धाकट्या भावाच्या मुलीचं बारसं झालं. रीतीप्रमाणे बाळाच्या आधी कुंची घातलेला वरवंटा पाळण्यात निजवला. मी वाकले, तर घासून धुतला तरी त्याला लसूण-मिरचीचा वास होताच.

हा वरवंटा मुळात आमचा नाही. मी लहान असताना एका संध्याकाळी दुर्गदबैलच्या बाजारातलं दुकान बंद करून अप्पा आईला आणि मला स्कूटरवरून धारवाडला नेत होते. अमरगोळच्या मार्केट यार्डापुढे तो रस्त्याच्या कडेला पडलेला दिसला. कुणाचं तरी बिऱ्हाड हलताना टेम्पोतून घरंगळला असावा.

आईने स्कूटर थांबवायला लावली.

"अगं, दगड आहे तो," अप्पा म्हणाले.

"ज्याला बाळ म्हणून पाळण्यात घालतो, त्याला रस्त्यावर टाकून जायचं होय?"

मग आम्ही तिथेच थांबलो. सामानाने भरलेला टेम्पो आला की अप्पा वरवंटा उंच धरून आधी कानडीत, मग मराठीत विचारायचे, "निम्देनरी? तुमचा काय हो?" टेम्पोवाले हसून पुढे जायचे. मला भूक लागली होती आणि दगडासाठी अडून बसलेल्या आईचा राग येत होता. दिवे लागल्यावर अप्पांनी तो स्कूटरवर माझ्या पायांशी ठेवला.

आईला तेव्हा दिवस गेले होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे भावाच्या बारशाला आधी तोच पाळण्यात निजला.

परवा आत्या म्हणून मी बाळाच्या कानात नाव सांगितलं. आई शेजारी वरवंट्याची कुंची सोडत होती. हळूच म्हणाली, "याचा पाटा कुठे असेल गं?"